पहिलं महायुद्ध: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इतिहासाच्या तासाला पहिलं महायुद्ध आलं की मुलं ठरलेले प्रश्न विचारतात. स्पर्धा परीक्षेवाले थोडे वेगळे विचारतात, आणि घरी आलेले पाहुणे तर भलतेच. या सगळ्यांना दिलेली उत्तरं इथे एकत्र केली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तो भाग मला स्वतःला सोडवत नाही.

एका राजपुत्राच्या खुनावरून एवढं मोठं युद्ध पेटतं का?

पेटत नाही. पाठ्यपुस्तकात "तात्कालिक कारण: साराजेव्हो" असं एका ओळीत छापतात, त्यामुळे गोळी सुटली आणि दुसऱ्या दिवशी तोफा सुरू झाल्या असं वाटतं. खून झाला २८ जून १९१४ ला. ऑस्ट्रिया-हंगेरीने सर्बियाविरुद्ध युद्ध पुकारलं २८ जुलैला, आणि ब्रिटन उतरलं ४ ऑगस्टला. मधे सदतीस दिवस गेले. त्या दिवसांत बहुतेक राजधान्यांत उन्हाळ्याच्या सुट्ट्या चालू होत्या. जर्मनीचा कैसर, म्हणजे सम्राट, विल्हेल्म नॉर्वेच्या किनाऱ्यावर नौकाविहाराला गेला होता. बोटांवर मोजता येतील इतक्या माणसांनी त्या दिवसांत काही निर्णय घेतले आणि काही घ्यायचे टाळले. कारणं शोधायची तर तिथे शोधावी लागतात.

तरी साराजेव्होत नेमकं काय झालं?

साराजेव्हो ही बोस्नियाची राजधानी. बोस्निया १९०८ मध्ये ऑस्ट्रिया-हंगेरीने अधिकृतपणे आपल्या राज्याला जोडून घेतला होता आणि सर्बियाला तो हवा होता. ऑस्ट्रिया-हंगेरीचा युवराज फ्रान्झ फर्डिनांड आणि त्याची पत्नी सोफी तिथे आले तो दिवसही भलताच निवडला होता: २८ जून, म्हणजे १३८९ च्या कोसोवोच्या लढाईचा स्मरणदिन. आपल्याकडे पानिपत जसं मनात घर करून आहे, तसं सर्बांच्या मनात कोसोवो.

वाटेवर कटातले अर्धा डझन तरुण उभे होते. चाब्रिनोविच नावाच्या एकाने बॉम्ब टाकला, तो मागच्या गाडीखाली फुटला. त्याने विष घेतलं, ते लागू पडलं नाही. मग नदीत उडी मारली, तर पाणी घोट्याएवढं. एवढं झाल्यावर कार्यक्रम गुंडाळायला हवा होता, पण युवराजाने नगरभवनातला सत्कार उरकला आणि बॉम्बमध्ये जखमी झालेल्यांना बघायला इस्पितळात जायचं ठरवलं. रस्ता बदलला, ते ड्रायव्हरला कोणी सांगितलंच नाही. तो जुन्या रस्त्याने लॅटिन पुलाजवळ वळला, चूक लक्षात आणून दिल्यावर थांबला, आणि गाडी थांबली ती कटातल्याच गॅव्ह्रिलो प्रिन्सिपच्या पुढ्यात. त्याने दोन गोळ्या झाडल्या. दोघंही गेले.

तो तिथे सँडविच खात उभा होता ही गोष्ट विसरा, ती मागाहून जोडलेली आहे.

प्रिन्सिपचं वय १९. विसाच्या आत असल्यामुळे ऑस्ट्रियाच्या कायद्याने त्याला फाशी देता आली नाही. वीस वर्षांची शिक्षा झाली आणि एप्रिल १९१८ मध्ये तो तुरुंगातच क्षयाने मेला.

मग खरी कारणं कोणती? गुप्त तह, शस्त्रस्पर्धा, साम्राज्यवाद, राष्ट्रवाद, बरोबर ना?

उत्तरपत्रिकेत हेच लिहा, मार्क मिळतील. पण ही चारही कारणं १९०५ मध्येही होती, १९११ मध्येही होती आणि १९१२-१३ च्या बाल्कन युद्धांतही होती. तेव्हा महायुद्ध झालं नाही. पेंढा आधीपासून रचलेला होता हे खरं, पण पेंढा आपणहून पेटत नाही.

पेंढ्याबद्दल थोडक्यात. एका बाजूला जर्मनी, ऑस्ट्रिया-हंगेरी आणि (कागदावर) इटली यांचा १८८२ पासूनचा त्रिराष्ट्र करार. दुसऱ्या बाजूला फ्रान्स आणि रशिया १८९४ पासून एकत्र, १९०४ मध्ये ब्रिटन-फ्रान्सचं जमलं, १९०७ मध्ये ब्रिटन-रशियाचं. जर्मनीने मोठं आरमार उभारायला घेतलं म्हणून ब्रिटन बिथरलं. ऑस्ट्रिया-हंगेरीला आपलं बहुभाषिक साम्राज्य फुटायची धास्ती, आणि रशियाला १९०८ मध्ये बोस्नियाच्या बाबतीत खाल्लेली माघार पुन्हा खायची नव्हती.

त्या सदतीस दिवसांत काय घडलं?

माझ्या मते या विषयातला सगळ्यात वाचनीय भाग हाच.

५ आणि ६ जुलैला व्हिएन्नाचा दूत बर्लिनला जाऊन विचारतो: आम्ही सर्बियाला धडा शिकवला तर तुम्ही पाठीशी आहात का? कैसर आणि त्याचा चॅन्सेलर बेथमान-होल्वेग म्हणतात, आहोत, काहीही करा. इतिहासात याला 'कोरा धनादेश' म्हणतात. तो देऊन कैसर समुद्रावर गेला.

व्हिएन्नाने मग वेळ काढला. फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष पॉंकारे त्या वेळी रशियाच्या भेटीवर होते. ते तिथे असताना निर्वाणीचा खलिता दिला तर दोघं समोरासमोर बसून ठरवतील, म्हणून ते जहाजावर चढेपर्यंत व्हिएन्ना थांबलं. २३ जुलैला संध्याकाळी खलिता बेलग्रेडला पोचला. दहा मागण्या आणि ४८ तासांची मुदत. सर्बियाने मान्य करू नये अशाच बेताने तो लिहिला होता.

सर्बियाने तरीही जवळपास सगळं मान्य केलं. अडलं ते मुख्यतः एका मागणीवर: खुनाच्या तपासात ऑस्ट्रियाचे अधिकारी सर्बियाच्या भूमीवर भाग घेणार. २५ जुलैला सहा वाजायला काही मिनिटं असताना पंतप्रधान पाशिच स्वतः उत्तर घेऊन ऑस्ट्रियाच्या वकिलातीत गेले. राजदूत गिझल यांनी कागदावर नजर टाकली, संबंध तुटल्याचं कळवलं आणि साडेसहाची गाडी पकडली. सामान आधीच बांधून ठेवलेलं होतं. उत्तर नीट वाचायला लागला असता, त्याहून कमी वेळात ते स्टेशनवर होते.

कैसर परत आला आणि २८ जुलैच्या सकाळी त्याने ते उत्तर वाचलं. त्याचंही मत पडलं की आता युद्धाला काही कारण उरत नाही. त्याच दिवशी व्हिएन्नाने युद्ध पुकारलं, तेही तारेने.

रशियाने सैन्य जमवलं, यात एवढं काय बिघडलं?

त्या काळात सैन्य जमवणं हे धमकी देण्यापुरतं राहत नसे. लाखो राखीव सैनिकांना घरून बोलवायचं, घोडे गोळा करायचे, गाड्या भरायच्या. एकदा सुरू झालं की थांबवणं अवघड, आणि शेजाऱ्याने सुरू केलं की आपल्याला थांबणं परवडत नाही.

झार निकोलसने २९ जुलैला संपूर्ण सैन्य जमवायच्या हुकमावर सही केली, रात्री कैसरची तार आली म्हणून हुकूम मागे घेतला, आणि ३० ला दुपारी परराष्ट्रमंत्री सझोनोव्हच्या आग्रहापुढे मान टाकून पुन्हा दिला. झार आणि कैसर नात्यातले. एकमेकांना 'निकी' आणि 'विली' म्हणून इंग्रजीत तारा करत होते. रशियाचे सेनाप्रमुख यानुश्केविच म्हणाले होते की या वेळी हुकूम मिळाला की मी टेलिफोनच फोडून टाकेन, म्हणजे तो रद्द करायला कोणाला मला गाठता येणार नाही.

जर्मनीचं भांडण रशियाशी, मग सैन्य बेल्जियममध्ये कसं?

वेळापत्रकामुळे. जर्मनीला दोन आघाड्यांवर लढायचं नव्हतं. रशियाला सैन्य गोळा करायला काही आठवडे लागणार हे गृहीत धरून आधी फ्रान्सला झटपट हरवायचं आणि मग गाड्या पूर्वेकडे वळवायच्या, असा बेत श्लीफेन या सेनापतीच्या नावाने ओळखला जातो. फ्रान्सच्या सरहद्दीवर भक्कम किल्ले, म्हणून वळसा बेल्जियममधून. बेल्जियम तटस्थ होता आणि १८३९ च्या तहाने त्याची हमी ब्रिटनसकट सगळ्या मोठ्या सत्तांनी, प्रशियानेसुद्धा, घेतलेली होती.

१ ऑगस्टच्या संध्याकाळी बर्लिनमध्ये चुकीची बातमी आली की ब्रिटन फ्रान्सला तटस्थ ठेवेल. कैसर खूश झाला. सेनाप्रमुख मोल्टके यांना म्हणाला, चला, आता सगळं सैन्य पूर्वेकडे वळवा. मोल्टके म्हणाले, शक्य नाही. वर्षभर बसून आखलेलं हजारो गाड्यांचं वेळापत्रक एका रात्रीत उलटं फिरवलं तर सैन्य उरणार नाही, नुसता जमाव उरेल. सम्राटाच्या तोंडावर त्याच्याच सेनापतीने असं सांगितलं आणि वेळापत्रक जिंकलं. पुढचे काही दिवस कोलोनच्या पुलावरून दर दहा मिनिटांनी एक गाडी पश्चिमेकडे जात होती.

रेल्वेत काम केलेल्या कोणालाही विचारा, मोल्टकेची अडचण त्याला लगेच कळेल. पण लाखो लोकांचा जीव समयसारिणीवर टांगायचा का, हा प्रश्न त्याआधी कोणीतरी विचारायला हवा होता.

ब्रिटन बेल्जियमसाठी उतरलं की स्वतःसाठी?

दोन्हीसाठी. खाडीपलीकडच्या बंदरांत जर्मन आरमार बसलेलं त्यांना चालणारं नव्हतं. मंत्रिमंडळात मात्र शेवटपर्यंत फूट होती. युद्धाला विरोध म्हणून दोन मंत्र्यांनी राजीनामे दिले आणि त्यातले एक आपल्या ओळखीचे, मोर्ले-मिंटो सुधारणांमधले मोर्ले.

नाताळपर्यंत संपेल असं सगळ्यांना वाटत होतं, मग चार वर्षं का चाललं?

सप्टेंबर १९१४ मध्ये पॅरिसच्या उंबरठ्यावर, मार्न नदीकाठी जर्मन फौज अडवली गेली. पॅरिसच्या टॅक्स्यांतून सैनिक आघाडीवर नेल्याची गोष्ट खरी आहे, पण ते पाचसहा हजार. लढाई टॅक्स्यांनी जिंकली नाही. मग दोन्ही बाजू एकमेकांना वळसा घालायच्या नादात उत्तरेकडे सरकत समुद्रापर्यंत गेल्या आणि जिथे थांबल्या तिथे जमिनीत उतरल्या. स्वित्झर्लंडच्या सीमेपासून उत्तर समुद्रापर्यंत सुमारे ७०० किलोमीटर खंदक.

खंदक फोडता का येत नव्हता, याचं उत्तर साधं आहे. हल्ला करणारा चिखलातून पायी येतो, आणि बचाव करणारा मागून रेल्वेने ताजी कुमक आणतो. समोर काटेरी तारा आणि मशीनगन. पहिली रांग घेतली तरी दुसरी घेईपर्यंत शत्रूची गाडी पोचलेली असते. शिवाय तेव्हा खिशात मावेल असा वायरलेस नव्हता. पुढे गेलेल्या तुकडीचं काय झालं ते सेनापतीला धावपटू, कबुतरं किंवा तुटक्या टेलिफोन तारांवरून कळायचं, म्हणजे बहुतेक वेळा कळायचंच नाही.

सगळ्यात भीषण लढाई कोणती?

मोजमाप कशाचं करता त्यावर आहे. १ जुलै १९१६ ला सोम नदीकाठी ब्रिटिश सैन्याने हल्ला केला. आधी सात दिवस तोफा चालल्या होत्या, जवळपास पंधरा लाख गोळे. तारा तुटल्या असतील, जर्मन मेले असतील, अशी खात्री होती. जर्मन खोल तळघरांत बसले होते, तोफा थांबताच वर आले. त्या एका दिवसात ब्रिटिशांचे ५७,४७० जण मेले, जखमी किंवा बेपत्ता झाले, त्यांपैकी १९,२४० मृत. ही लढाई पुढे नोव्हेंबरपर्यंत चालवली.

व्हर्दाँ फेब्रुवारी ते डिसेंबर १९१६ चालली. फ्रेंचांकडे तिथे पोचायला बार-ल-ड्यूकहून येणारा एकच धड रस्ता होता. ऐन गर्दीत त्यावरून दर चौदा सेकंदांनी एक ट्रक जात होता. बिघडलेला ट्रक दुरुस्त करत बसायचं नाही, ढकलून कडेला टाकायचा, असा हुकूम. दोन्ही बाजू मिळून सुमारे तीन लाख मेले आणि शेवटी रेषा जवळजवळ होती तिथेच आली.

विषारी वायू कोणी आधी वापरला?

मोठ्या प्रमाणावर आणि प्राणघातक म्हणून जर्मनीने, २२ एप्रिल १९१५ ला बेल्जियममधल्या ईप्रजवळ. क्लोरीनच्या नळकांड्या खंदकात पुरून वारा योग्य दिशेला वळायची वाट बघत बसले होते. पुढे दोन्ही बाजूंनी वापरला.

यामागचा माणूस फ्रित्झ हाबर. हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया बनवायची पद्धत त्याचीच, आज आपल्या शेतात पडणारा युरिया तिच्यावरच उभा आहे. ब्रिटिश आरमाराने चिलीचा सोरा अडवला तेव्हा जर्मनीत तोफांची दारू याच पद्धतीमुळे बनत राहिली. ती नसती तर जर्मनीला इतकी वर्षं लढता आलं नसतं. वायुहल्ल्यानंतर थोड्याच दिवसांत, मे १९१५ मध्ये, त्याच्या रसायनशास्त्रज्ञ पत्नीने, क्लाराने, स्वतःवर गोळी झाडून घेतली. १९१८ चा नोबेल हाबरला मिळाला.

हे 'जागतिक' कसं? लढले तर युरोपीय.

पूर्व आफ्रिकेत लढले, चीनच्या किनाऱ्यावर जपानने जर्मनांचं त्सिंगताओ घेतलं, तुर्कस्तानात गॅलिपोलीची लढाई झाली, इराकमध्ये काय झालं ते पुढे सांगतो. मद्राससुद्धा सुटलं नाही. २२ सप्टेंबर १९१४ च्या रात्री 'एमडन' या जर्मन युद्धनौकेने तिथल्या तेलाच्या टाक्यांवर तोफा डागल्या आणि निघून गेली.

गोव्यालाही झळ लागली. पोर्तुगाल तटस्थ असताना जर्मन व्यापारी जहाजं मुरगाव बंदरात आसऱ्याला येऊन बसली होती. १९१६ च्या सुरुवातीला ब्रिटनच्या सांगण्यावरून पोर्तुगालने आपल्या बंदरांतली जर्मन जहाजं जप्त केली आणि ९ मार्चला जर्मनीने पोर्तुगालविरुद्ध युद्ध पुकारलं.

भारताला कोणी विचारलं होतं का?

नाही. व्हाइसरॉय हार्डिंज यांनी जाहीर केलं, झालं. युद्धभर मिळून तेरा लाखांच्या आसपास माणसं, लढणारी आणि मजूर-खलाशी-घोडेवाले धरून, परदेशी गेली. सुमारे ७४,००० परतली नाहीत. पैसाही गेला. १९१७ मध्ये हिंदुस्थान सरकारने दहा कोटी पौंड ब्रिटनला 'भेट' दिले. भेट देणारा आणि घेणारा एकच, हे सांगायला नकोच. चांदीची इतकी टंचाई झाली की ३० नोव्हेंबर १९१७ ला सरकारने एक रुपयाची कागदी नोट काढली. तोपर्यंत रुपया म्हणजे खणखणीत वाजणारं नाणं.

टिळक युद्धाच्या जेमतेम दीड महिना आधी मंडालेहून सुटून आले होते. सरकारला अडचणीच्या वेळी मदत करायला ते तयार होते, पण बदल्यात स्वराज्य हवं होतं. एप्रिल १९१६ मध्ये होमरूल लीग निघाली ती याच हिशेबाने. जून १९१८ मध्ये मुंबईच्या युद्ध परिषदेत सैन्यभरतीच्या ठरावावर बोलताना ते स्वराज्यावर आले, तेव्हा गव्हर्नर विलिंग्डन यांनी त्यांना अडवलं. टिळक सभा सोडून निघून गेले.

मराठी सैनिक कुठे लढले?

अनेक ठिकाणी, पण नाव घ्यायचं तर इराकमधल्या कुत-अल-अमाराचं.

नोव्हेंबर १९१४ मध्ये सहावी पुणे डिव्हिजन इराणच्या आखाताच्या तोंडाशी उतरली. आबादानच्या तेलाचं रक्षण करायचं एवढंच काम होतं. बसरा सहज पडलं, मग जरा वर, मग आणखी वर. सेनापती निक्सन यांना बगदाद दिसू लागलं. पुढे पाठवलेले टाउनशेंड यांना शंका होती, पण गेले. नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादच्या अलीकडे, सलमान पाकजवळ, तुर्कांनी त्यांना रोखलं. लढाईत साडेचार हजारांवर माणसं पडली. उरलेले तैग्रिस नदीच्या कडेने माघारी फिरून कुत गावात शिरले. नदीने तिन्ही बाजूंनी वेढलेलं, घोड्याच्या नालेसारख्या वळणात वसलेलं गाव. चौथ्या बाजूला तुर्क येऊन बसले.

वेढा ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत चालला. आत १०३ वी, ११० वी आणि ११७ वी मराठा पलटण होती. सातारा, रत्नागिरी, पुण्याकडची पोरं. धान्य होतं ते दळायला साधन कमी, म्हणून विमानातून जात्याचे दगड टाकले. होय, जात्याचे दगड. पुढे पीठही विमानातून टाकायला लागले, पण ते हजारो तोंडांना कुठून पुरणार? शेवटी घोडे आणि खेचरं कापायला घेतली. हिंदी सैनिकांतल्या बहुतेकांनी ते मांस कित्येक आठवडे तोंडात घेतलं नाही. धर्मगुरूंकडून 'चालेल' म्हणून निरोप मागवला, तरी नाही. प्रश्न नुसता धर्माचा नव्हता. घोडा खाल्ला हे गावी कळलं तर पंगतीत कोण बसवून घेईल, मुलीचं लग्न कसं जमेल, ही धास्ती होती. पालेभाज्या नाहीत, मांस नाही, नुसतं मूठभर पीठ, त्यामुळे हिरड्या सुजून रक्त यायचा रोग पसरला. शेवटी पोटाने धर्मावर मात केली आणि बरेच जण खाऊ लागले, पण तोवर अंगात ताकद उरली नव्हती.

त्यांना सोडवायला बाहेरून आलेल्या फौजेने सुमारे २३,००० माणसं गमावली. तुर्कांना वीस लाख पौंड देऊ करून पाहिले, त्यांनी नाकारले. सुमारे तेरा हजार शरण गेले आणि कैदी म्हणून सिरिया-तुर्कस्तानकडे उन्हातून चालत निघाले. हजारो वाटेत आणि रेल्वेच्या कामावर मेले. टाउनशेंड यांना इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगला मिळाला.

लंडनमध्ये चौकशी बसली, भारतमंत्री चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. बगदाद मार्च १९१७ मध्ये पडलं, दुसऱ्या सेनापतीच्या हातून.

महार पलटणीचं काय?

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी 'लढाऊ जमाती'च्या खुळापायी इंग्रजांनी महारांची भरती बंद केली होती. माणसं कमी पडू लागली तेव्हा १९१७ मध्ये ती उघडली आणि १११ वी महार पलटण उभी राहिली. गरज सरल्यावर, १९२१ मध्ये, मोडली.

त्याच वर्षी, १९१७ मध्ये, बाबासाहेब आंबेडकर लंडनहून परतले. समुद्रात जर्मन पाणबुड्या होत्या. ते सुखरूप आले, पण ज्या दुसऱ्या जहाजावर त्यांची पुस्तकं होती ते पाणबुडीने बुडवलं. न्यूयॉर्क-लंडनमध्ये पोटाला चिमटा काढून जमवलेली पुस्तकं. युद्धातल्या नुकसानीच्या याद्यांत असल्या गोष्टी धरत नाहीत.

अमेरिका का उतरली? 'लुसिटानिया' बुडाली म्हणून?

लुसिटानिया हे ब्रिटिश प्रवासी जहाज जर्मन पाणबुडीने ७ मे १९१५ ला बुडवलं, अमेरिका ६ एप्रिल १९१७ ला उतरली. मधे जवळजवळ दोन वर्षं. खरं कारण १ फेब्रुवारी १९१७ पासून जर्मनीने पुन्हा सुरू केलेला, दिसेल ते जहाज बुडवायचा धडाका. त्यात भर म्हणजे परराष्ट्रमंत्री झिमरमानची मेक्सिकोला गेलेली गुप्त तार: आमच्या बाजूने या, टेक्सास परत मिळवून देऊ. ब्रिटिशांनी ती फोडली. तार बनावट आहे म्हणायची संधी झिमरमानला होती, पण त्या बहाद्दराने ती आपलीच आहे असं कबूल केलं.

रशिया मधेच का बाहेर पडला?

१९१७ च्या दोन क्रांत्या. मार्च १९१८ मध्ये ब्रेस्त-लितोव्स्कच्या तहाने लेनिनच्या सरकारने प्रचंड मुलूख सोडून शांतता विकत घेतली.

शेवटी जर्मनी हरला कसा? त्याच्या भूमीवर तर शत्रू नव्हताच.

याच मुद्द्याचा पुढे हिटलरने फायदा घेतला, म्हणून नीट बघू. ब्रिटिश आरमाराच्या नाकेबंदीने जर्मनीची उपासमार होत होती. १९१६-१७ चा हिवाळा लोकांनी जनावरांना घालायच्या सलगमावर काढला. रशिया बाहेर पडल्यावर मोकळं झालेलं सैन्य घेऊन जर्मन सेनापती लुडेनडॉर्फने २१ मार्च १९१८ ला पश्चिमेला अखेरचा डाव टाकला. मुसंडी मोठी होती, पण अन्न, घोडे, राखीव माणसं काहीच मागे नव्हतं. काही ठिकाणी उपाशी जर्मन सैनिक शत्रूची कोठारं सापडल्यावर लढाई सोडून खात-पीत बसले. ८ ऑगस्टला आमियँपाशी उलटा मार सुरू झाला. सप्टेंबरअखेर बल्गेरियाने हात टेकले, ३० ऑक्टोबरला तुर्कस्तानने, ३ नोव्हेंबरला ऑस्ट्रियाने. कील बंदरातल्या जर्मन खलाशांनी बंड केलं, ९ तारखेला कैसर पायउतार झाला आणि ११ नोव्हेंबरला सकाळी अकरा वाजता तोफा थांबल्या. शस्त्रसंधीवर सही पहाटे पाचच्या सुमारास झाली होती. मधल्या सहा तासांतही लोक मरत राहिले.

सैन्य हरलं नव्हतं, घरच्याच लोकांनी पाठीत खंजीर खुपसला, हा प्रचार म्हणजे बनाव. शस्त्रसंधी मागायची घाई लुडेनडॉर्फलाच झाली होती. सही करायला मात्र नागरी पुढाऱ्यांना पुढे केलं.

दोषी कोण?

व्हर्सायच्या तहाच्या २३१ व्या कलमाने जबाबदारी जर्मनी आणि त्याच्या साथीदारांवर टाकली. मला विचाराल तर पहिला नंबर व्हिएन्नाचा, कारण त्यांना युद्धच हवं होतं. दुसरा बर्लिनचा, कारण त्यांनी न वाचता धनादेशावर सही केली आणि मग बेल्जियम तुडवला. रशियाची राजधानी पीटर्सबर्ग तिसरी. बेलग्रेडच्या लष्करी गुप्तहेर खात्याचा प्रमुख आपिस हा कट रचणाऱ्यांना पिस्तुलं पुरवण्यात होता, हेही विसरू नये. पॅरिस आणि लंडन यांनी वेळीच स्पष्ट बोलायला हवं होतं. या क्रमाबद्दल इतिहासकार शंभर वर्षं भांडताहेत, आमच्या स्टाफरूममध्येही भांडण होतं.

किती माणसं मेली?

सैनिक नव्वद लाख ते एक कोटी. नागरिक आणखी लाखोंनी, त्यांत १९१५ पासून ऑटोमन सरकारने संपवलेले आर्मेनियन आहेत. आणि मग साथ. जून १९१८ मध्ये मुंबईत इन्फ्लुएंझा आला, बंदरातून पसरला आणि पावसाळ्यानंतरच्या दुसऱ्या लाटेत गावंच्या गावं झोपली. आपल्याकडे म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी तिचं नाव 'मानमोडी'. हिंदुस्थानात एक कोटीहून जास्त बळी गेले असा अंदाज आहे, म्हणजे लढाईत मेलेल्या हिंदी सैनिकांच्या शंभरपटीहून जास्त. १९२१ च्या जनगणनेत आजच्या भारताच्या हद्दीतली लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी भरली. विसाव्या शतकात दुसऱ्या कुठल्याही दशकात असं झालेलं नाही.

आमच्या गावात चावडीजवळ दगडी पाटी आहे, तिच्यावर '१९१४-१९१९' लिहिलंय. साल चुकलंय का?

चुकलेलं नाही. लढाई १९१८ ला थांबली, तह २८ जून १९१९ ला झाला, साराजेव्होला बरोबर पाच वर्षं होताना. इंग्रजांनी गावोगाव लावलेल्या पाट्यांवर म्हणून १९१९ आहे. या गावातून इतके लढाईवर गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याच्या बाबतीत तो आकडा ४६ सांगतात. गावाचं नावच आता 'अपशिंगे मिलिटरी' झालं आहे. पाट्यांवर नावं सहसा नसतात.

पणजोबांचं नाव कुठे सापडेल?

राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या संकेतस्थळावर मृत सैनिकांची नावं शोधता येतात. नुसत्या आडनावाने शोधू नका. तेव्हाच्या कारकुनाने ऐकू आलं तसं इंग्रजीत लिहिलं आहे, आणि 'जाधव'चं स्पेलिंग तुम्ही कल्पना करू शकणार नाही असं असतं. पलटणीचा नंबर ठाऊक असेल तर तिथून सुरुवात करा. काही नोंदींत वडिलांचं नाव, गाव आणि तालुका असतो, खेड, दापोली, पाटण अशी ओळखीची नावं दिसतात. इराकमध्ये पडलेल्यांचं स्मारक बसऱ्याला होतं, १९९७ मध्ये ते तिथून नासिरियाच्या रस्त्यावर वाळवंटात हलवलं. त्याच्या भिंतीवर हिंदी पलटणींच्या फक्त अधिकाऱ्यांची नावं कोरली आहेत. शिपायांची नावं वेगळ्या वहीत, त्यामुळे कोणी भिंतीचा फोटो पाठवला आणि त्यात नाव दिसलं नाही तर शोध थांबवू नका, वहीतल्या नोंदी बघा.